झोपेतील श्वासरोध आणि कपाटात गेलेली यंत्रे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली, याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. गेली पस्तीस वर्षे मी या वसई परिसरात वैद्यकीचा व्यवसाय करीत आहे. मधुमेह, रक्तदाब यांवर या व्यासपीठावरून पूर्वी बोलणे झालेले आहे. आजचा माझा विषय ऐकून मात्र काहींना हसू येईल, कारण तो घोरण्यातून सुरू होतो, आणि घोरणे ही आपल्याकडे थट्टेची बाब मानली जाते. लग्नघरी रात्री अंथरुणे पडली की अमक्या काकांच्या शेजारी कोणी झोपावयाचे, यावर हास्यविनोद होतो. सकाळी काका स्वतःही त्या हसण्यात सामील होतात. परंतु त्याच घरात काकूंना मी एकटीला विचारले, तर त्या हसत नाहीत. त्या हलक्या आवाजात म्हणतात, “डॉक्टर, ह्यांचा श्वास मध्येच थांबतो. मी उठून बसते आणि तो पुन्हा सुरू होण्याची वाट पाहते.”

ह्या वाट पाहण्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

इंग्रजीत ज्याला स्लीप ॲप्निया म्हणतात, त्याला आपण झोपेतील श्वासरोध म्हणू. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळातच अरुंद आहे, मान जाड आहे, खालचा जबडा आखूड आहे किंवा शरीर स्थूल आहे, त्यांची श्वासाची वाट ह्या सैलपणाने आकसते. आकसलेल्या वाटेने हवा जाताना जो आवाज होतो, ते घोरणे. आणि वाट पुरती मिटली म्हणजे जी शांतता पसरते, तो श्वासरोध. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदूला धोक्याची सूचना मिळते, माणूस हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो आणि पुन्हा झोपी जातो. त्याला स्वतःला यातले काहीच आठवत नाही. श्वास पुरता किंवा बराचसा अडून ही स्थिती १० सेकंद वा अधिक टिकली, तर तो एक रोध मोजतात. तासाला ५ ते १५ रोध असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० हून अधिक असल्यास तीव्र समजतात. तीव्र विकाराचा मनुष्य एका रात्रीत दोन-अडीचशे वेळा अर्धवट जागा होतो, आणि सकाळी “मला तर छान गाढ झोप लागली होती” असे सांगतो. मग गाडीत बसल्या बसल्या त्याचा डोळा लागतो, सकाळी डोके दुखते, रक्तदाब औषधांना दाद देत नाही, रात्री लघवीस उठावे लागते. वाहन चालविणाऱ्याच्या बाबतीत तर क्षणाची डुलकीही प्राणावर बेतते.

हा रोग परदेशातील धष्टपुष्ट लोकांचा, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी केली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. हे लोक आजारी म्हणून आलेले नव्हते. नेहमीची आरोग्यतपासणी करून घेण्यास आले होते. त्यांच्यात झोपेतील श्वासाचा बिघाड शेकडा १९.५ जणांत, आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पुरता विकार शेकडा ७.५ जणांत असावा, असा अंदाज निघाला. ह्या सभागृहात बसलेल्या मध्यम वयाच्या पुरुषांची मनातल्या मनात मोजणी करा, म्हणजे ह्या आकड्यांचा अर्थ ध्यानात येईल. स्त्रियांनाही हा विकार होतो, विशेषतः मासिक पाळी गेल्यानंतर. पण त्यांच्या घोरण्याविषयी घरात कोणी बोलत नाही, म्हणून तो उशिरा कळतो.

ह्यावरील मुख्य उपचार म्हणजे सीपॅप नावाचे यंत्र. १९८० पूर्वी तीव्र विकारावर खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट खालून मोकळी करणे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली, त्या शस्त्रक्रियेस तयार नसलेल्या एका रुग्णाच्या नाकातून बेताच्या दाबाची हवा रात्रभर सोडून पाहिली, आणि त्या रुग्णाला शांत झोप लागली. १९८१ साली ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात पाच रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तत्त्व अगदी साधे आहे. पावसाळ्यात ओला झालेला कापडी पाइप जसा चपटा होऊन चिकटतो आणि आत पाण्याचा जोर आला म्हणजे उघडा राहतो, तसाच हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. यंत्र श्वास घेत नाही. श्वास आपलाच असतो, यंत्र फक्त वाट मिटू देत नाही.

उपाय इतका सरळ आणि गुण पहिल्या रात्रीपासून येणारा. तरीही माणसे हे यंत्र टाकून देतात. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३५ रुग्णांच्या यंत्रांत, प्रत्यक्ष वापर मोजणारे साधन बसविले होते. दहापैकी सात रात्री निदान चार तास, एवढी माफक कसोटी लावूनही त्यातील १६ जणच तिला उतरले. ज्यांनी “आम्ही रोज वापरतो” असे सांगितले होते, त्यांच्यातही पुष्कळांचा प्रत्यक्ष वापर त्याहून कमी निघाला. २००८ साली झालेल्या एका आढाव्यात, रात्री चार तासांहून अधिक वापर ही कसोटी धरता, निरनिराळ्या अभ्यासांतून शेकडा ४६ पासून ८३ पर्यंत रुग्ण कमी पडतात असे नमूद आहे. तेव्हा हा दोष आपल्या लोकांच्या आळसाचा नव्हे. जगभर असेच घडते.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी जुहू येथील रुग्णालयात संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले, आणि वृत्तपत्रांतून ह्या विकाराचे नाव घरोघरी पोहोचले. त्यानंतरच्या काही महिन्यांत माझ्याकडे कितीतरी कुटुंबे चौकशीस आली. तपासण्या झाल्या, काहींनी यंत्रे घेतली. वर्षभराने मी सहज विचारू लागलो, तेव्हा उत्तरे येऊ लागली : “कपाटात आहे”, “माळ्यावर ठेवले आहे”, “मुलीकडे गेलो तेव्हा नेले नाही, मग राहूनच गेले.” मी रागावलो. कित्येकांना मी दवाखान्यात सर्वांदेखत बोललो, हे आज मला कबूल केले पाहिजे.

आणि मग माझी पाळी आली. रक्तदाब आवरेना म्हणून माझी स्वतःची झोपेची तपासणी झाली. तासाला ३४ रोध निघाले. ज्या यंत्राचे गुण मी इतरांना सांगत होतो, ते माझ्या उशाशी आले, आणि सहाव्या रात्री मी ते काढून कपाटात ठेवले. मास्क नाकाच्या हाडावर रुतत होता, कडेने सुटणारी हवा डोळ्यांत जात होती, तोंडाला कोरड पडत होती, आणि मध्यरात्री जाग आली की आपल्याला कोणी कोंडले आहे असे वाटून जीव घाबरा होत होता. कोणी विचारले तर मी “वापरतो” असे सांगत असे. डॉक्टरने दुसरे काय सांगावे?

तीन आठवडे आमच्या घरात ह्यावर कोणी अक्षर बोलले नाही. एके सकाळी सौभाग्यवतीने चहाच्या कपाशेजारी जुन्या कॅलेंडरचे एक पान पालथे करून ठेवले. त्यावर दुधाचा हिशेब लिहावा तशा रेघा होत्या. “ह्या काल रात्री दोन ते तीन ह्या एका तासातल्या,” ती म्हणाली. “श्वास थांबला की एक रेघ.” मी मोजल्या, एकवीस होत्या. मला त्यांतील एकही आठवत नव्हती. ती प्रत्येक रेघ ओढताना जागी होती.

त्या दिवशी मला जे उमगले, ते पुस्तकांतून उमगले नव्हते. इतर बहुतेक आजारांत रोग्याला वेदना होते आणि घरचे त्याची समजूत घालतात. ह्या आजारात रोगी निजलेला असतो आणि रोग घराला दिसतो. उलटपक्षी, उपचाराचा त्रास सगळा रोग्याच्या वाट्याला येतो, आणि झोपमोड थांबल्याचे सुख प्रथम शेजारच्याला मिळते. ज्याला रोग दिसत नाही त्याच्याच तोंडावर आपण मास्क बांधतो, आणि एकट्याने निभावून ने असे सांगतो. तो यंत्र टाकून देतो यात नवल नाही. माझ्या मते हा उपचार एकट्या रोग्याचा नव्हेच. तो घराने मिळून करावयाचा उपचार आहे.

आता यंत्र सुटण्याची जी कारणे मी ऐकली आणि अनुभवली, त्यांकडे वळतो. ती दिसायला किरकोळ आहेत, आणि बहुतेकांवर उपाय आहे.

सर्वांत मोठे कारण मास्क. तो अंगरख्यासारखा मापाचा असावा लागतो. हवा सुटते म्हणून पुष्कळजण पट्टे अधिक ताणतात. त्याने मास्कची कड वाकडी होऊन हवा उलट जास्त सुटते आणि नाकावर व्रण पडतो. निजल्या स्थितीत, यंत्र चालू असताना पट्टे बसवावेत. दाट मिशा असणाऱ्यांना, किंवा रात्री कवळी काढून ठेवल्यामुळे गाल बसणाऱ्यांना निराळ्या घडणीचा मास्क लागतो. पहिला मास्क जमला नाही म्हणजे उपचार जमला नाही, असे नव्हे. विक्रेत्यांपैकी काहीजण यंत्र पोहोचवून पैसे घेतात आणि पुन्हा दूरध्वनी उचलत नाहीत, हा अनुभव माझ्या अनेक रुग्णांना आला आहे. म्हणून मास्क बदलून मिळेल काय, पहिल्या महिन्यात माणूस घरी येईल काय, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

दुसरे कारण नाक आणि तोंड यांचे. नाक चोंदलेले असेल तर आधी नाकावर उपचार करून घ्यावा. कोरड पडत असल्यास हवा दमट करणारी पाण्याची डबी यंत्राला जोडता येते. आपल्या खाडीकाठच्या पावसाळी हवेत मात्र वातानुकूलित खोलीत त्याच डबीमुळे नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो; तेव्हा दमटपणा कमी करावा आणि नळीवर कापडाचे वेष्टण घालावे. काहींच्या पोटात हवा जाऊन सकाळी पोट फुगते. काहींना श्वास सोडताना जोर लागतो. ह्या गोष्टी सहन करावयाच्या नसून डॉक्टरांना सांगावयाच्या आहेत, कारण दाबाची मांडणी बदलता येते.

तिसरे कारण भीती. कोंडल्यासारखे वाटणाऱ्याने प्रथम दिवसा, जागेपणी, यंत्र न लावता नुसता मास्क चेहऱ्याशी धरावा. मग यंत्र चालू करून संध्याकाळी वर्तमानपत्र वाचताना वा भजन ऐकताना वीस मिनिटे लावून बसावे. आठ-दहा दिवसांत शरीराला त्याची ओळख होते. माझ्या बाबतीत ही युक्ती घरातूनच निघाली. सौभाग्यवतीने एकदा तो मास्क स्वतःच्या तोंडाला लावून पाहिला आणि म्हणाली, “श्वास सोडायला इतका जोर लागतो, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलेत?” खरेच, मी कोणालाच सांगितले नव्हते. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मांडणी बदलली, मास्क बदलला, आणि तेव्हापासून यंत्र माझ्या उशाशी आहे.

चौथे कारण आपल्या जीवनक्रमातले. दादरच्या बाजारात फुले नेणारा आपला बागायतदार पहाटेच्या लोकलसाठी तीन-साडेतीनला उठतो. विरारहून चर्चगेटपर्यंत साठ किलोमीटर जाऊन-येऊन नोकरी करणारा रात्री दहाला घरी टेकतो. ज्याच्या वाट्याला झोपच पाच तासांची, त्याला मास्क बसविण्यातली दहा मिनिटेही जड वाटतात, आणि उरलेली झोप तो गाडीत, यंत्रावाचून काढतो. त्यात वीज. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली आणि वीजपुरवठा बंद राहिला, ते दिवस आपण विसरलो नाही. वीज गेली की यंत्र बंद, आणि चार रात्री खंड पडला की सवय मोडते. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी यंत्राची जोडणी त्यावर घ्यावी. नाही त्यांनी त्या रात्री उशी उंच करून कुशीवर निजावे, आणि वीज आली की त्याच रात्री पुन्हा सुरुवात करावी.

पाचवे कारण लाज. नवविवाहित मुलगा यंत्र सासरी नेत नाही. लग्नकार्यात, गणपतीत, यात्रेत माणसे ते घरी ठेवून जातात. “हत्तीसारखी सोंड लावून निजतात,” असे कोणी मुलाने म्हटले की वडीलधारा माणूस ओशाळतो. आपण चष्म्याला हसत नाही, कवळीला हसत नाही. मग ह्यालाच का हसावे?

सहावे कारण चमत्कारिक आहे, ते म्हणजे गुण येणे. दोन महिन्यांत डोके हलके होते, रक्तदाब उतरतो, आणि मनुष्य म्हणतो, “आता बरा झालो, किती दिवस लावायचे?” यंत्र रोगावर उतारा देते, तो मुळापासून काढीत नाही. थांबविल्यावर थोड्याच रात्रींत रोध परत येतात. वजन पुरेसे उतरले, तर कित्येकांचा विकार सौम्य होतो आणि काहींचे यंत्र सुटतेही. परंतु ते पुन्हा तपासणी करून ठरवावयाचे असते. सौम्य विकारात दातांत बसवावयाचा जबडा पुढे धरणारा साचा, कुशीवर निजण्याची सवय, रात्रीचे मद्य बंद करणे, हे उपायही आहेत. ज्याला यंत्र खरोखरच सोसत नाही, त्याने लपून ते सोडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून दुसरा मार्ग धरणे केव्हाही चांगले.

यंत्राविषयी अवास्तव आशा मी दाखवू इच्छीत नाही. हृदयविकार वा पक्षाघाताचा त्रास आधीच असलेल्या २,७१७ रुग्णांवर सात देशांत, त्यांत भारतही होता, एक मोठा प्रयोग झाला. त्याचे फळ २०१६ साली प्रसिद्ध झाले. यंत्र दिलेल्या गटात पुढील झटके कमी झाल्याचे आढळले नाही. मात्र त्या गटाचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता. आणि एवढ्या वापरानेही दिवसाचा झोपाळूपणा, उदासी आणि कामावरील गैरहजेरी कमी झाली. म्हणजे यंत्र हे अमरत्वाचे साधन नव्हे. जागेपणी माणसात राहण्याचे साधन आहे. माझ्या दृष्टीने तेवढे पुरेसे मोल आहे.

आता मंडळापुढे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली : यंत्रास तीस-चाळीस हजारांपासून पुढे खर्च येतो, आणि घरी वापरण्याच्या यंत्राची किंमत बहुतेक आरोग्यविमे भरून देत नाहीत. केंद्र सरकारच्या आरोग्ययोजनेत येणाऱ्यांनी प्रतिपूर्तीची चौकशी अवश्य करावी. इतरांसाठी आपल्या वैद्यकीय साहाय्यनिधीतून दोन-तीन यंत्रे घ्यावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक महिना वापरावयास द्यावीत. मास्क व नळी ज्याची त्याने नवी घ्यावी. महिनाभर निभले तरच कुटुंबाने स्वतःचा पैसा घालावा. कोणी जुने यंत्र दान देऊ केले, तर ते तपासल्याखेरीज घेऊ नये. २०२१ च्या जून महिन्यात फिलिप्स कंपनीने आतील फोम झिजण्याच्या कारणावरून आपली लाखो यंत्रे जगभर परत मागविली होती, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी : यंत्र नेटाने वापरणाऱ्या दहा-बारा ज्ञातिबांधवांची व भगिनींची, त्यांच्या संमतीने, एक यादी करावी. मनुष्य यंत्र धरील की टाकील, हे बहुधा पहिल्या आठवड्यातच ठरते, असे ह्या विषयाच्या अभ्यासकांना आढळले आहे. त्या सात दिवसांत यादीतील एकाने रोज संध्याकाळी नव्या माणसाची चौकशी करावी. डॉक्टरांच्या दहा व्याख्यानांनी जे होणार नाही, ते “मलाही चौथ्या रात्री असेच झाले होते” ह्या एका वाक्याने होईल. माझे नाव यादीत पहिले घालावे.

तिसरी विनंती गृहिणींना आणि कार्यघरच्या यजमानांना. पाहुण्यांची निजण्याची सोय लावताना एखादी जागा भिंतीतल्या प्लगजवळची राखून ठेवा, आणि निमंत्रण देतानाच सांगा, “काका, यंत्र घेऊन या, जागा ठेवली आहे.” ह्याला एक पैसा लागत नाही.

आज रात्री आपण घरी जाल. शेजारी घोरणारा मनुष्य मध्येच गप्प झाला, तर ती शांतता मोजा. सकाळी थट्टा न करता, रागे न भरता, त्या रेघा त्याच्यापुढे ठेवा. आणि ज्यांचे यंत्र कपाटात आहे, त्यांनी ते खाली काढून येत्या आठवड्यात माझ्याकडे किंवा आपल्या डॉक्टरांकडे घेऊन यावे. मी आता कोणावर रागावणार नाही.